बारदान

नंदुरबारच्या पथारीवर माघात
जमीन दिसत नाही, नुसती लाल.
दुरून पाहणाऱ्याला वाटेल, कुणी लुगडी वाळत घातलीत.
जवळ आलात की आधी शिंक येते,
मग बोलणं.

मी काट्यापाशी बसतो. योना गावित,
दहावी पास, शेठच्या वहीचा माणूस.
बाया देठ खुडतात, पोती भरतात,
मी वजन घेतो, बारदान वजा करतो,
पोत्यामागे दोन किलो.
रिकामं पोतं पाऊण किलोचं असतं
हे मला ठाऊक आहे, शेठला ठाऊक आहे,
आणि प्रभू, तुलाही असणारच,
पण वहीत तुझी सही लागत नाही.

रविवारी मंडळीत मीच वाचतो.
आवाज बरा, म्हणून पाळकांनी स्तोत्रं माझ्याकडे दिलीत.
त्या दिवशी आलं ते पळणाऱ्याचं,
शत्रू मागावर, थारा कुठेच नाही,
तरी त्याला खात्री की देवाजवळ एक बुधली आहे
आणि आपल्या आसवांचा थेंब न् थेंब तिच्यात साठतो.
पत्रे तापले होते. मी थांबलो नाही.
वाचणाऱ्यानं थांबू नये.

बाहेर चपलांपाशी सेगीबाई वसावे उभी.
बोटांची सालं गेलेली.
डोळे ती पदरानं पुसत नाही कधी,
पदरही तिखट असतो.
म्हणाली, "योना, ती बुधली.
तेम्हा मिरचीनं पानी बी धरस का देव?
का रडानंच?"
मी हसलो. पाळकांना विचारतो म्हटलं.
विचारलं नाही.

रात्री हिशेब करत पडलो, मला तेवढंच येतं.
तीस वर्षं ती पथारीवर.
नवऱ्याला मूठमाती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशीही
तिनं दोन पोती भरली होती,
आणि कुठलं पाणी कुठलं
हे शेजारी बसणाऱ्यांनाही कळलं नाही.
तिलाही नसेल कळलं.
तू कसं वेगळं करतोस?
का करतच नाहीस,
सगळंच घेतोस तिखटासकट,
आणि बुधली उचलताना
तुझेही हात चुरचुरतात?

मग तुझ्या मोठ्या शब्दांची भीती वाटली.
विधवांचा कैवारी. राखेतून उचलणारा.
खणखणीत वाचलेत मी ते,
आणि सोमवारी लिहिलंय, वजा दोन.
स्तोत्रात दुर्जनाचं नाव घातलेलं नसतं.
जागा मोकळी असते.

सकाळी एक रिकामं पोतं काट्यावर टाकलं.
मुकादम म्हणाला, काय बघतो रे?
पाऊण, मी म्हटलं,
आणि दिवसभर पाऊण लिहीत गेलो.
शौर्य नव्हतं. पेन्सिल दोनदा मोडली.
घरी दोन पोरं आहेत,
शेठ वही शनिवारी बघतो.

दिवेलागणीला रोजी वाटली, किलोला सहा रुपये.
सेगीबाई फाटकापर्यंत गेली, परत आली,
नोटा तळहातावर पसरलेल्या.
"पंधरा रुपया जास्ती उनात रे भाऊ.
मोजी ले."
मोजलं, मी म्हटलं.
तिनं काट्याकडे पाहिलं, वहीकडे,
मग माझ्याकडे, खूप वेळ,
आजारी पोराकडे पाहावं तसं.
पंधरा रुपये वहीवर ठेवले
आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर एक खडा.
काही न बोलता गेली.

तो खडा अजून तिथेच आहे.
किती वजनाचा, मी तोललेला नाही.